इंग्लंडमधलं खेडं बघायचंय? किंगहॅमला उतरा आणि चालायला लागा

लंडनहून रोज सकाळी कॉट्सवोल्ड्स या टेकड्या-खेड्यांच्या टापूच्या एका दिवसाच्या सहलीच्या बसेस निघतात. बायबरी, बर्फर्ड, बोर्टन-ऑन-द-वॉटर, स्टो. प्रत्येक गावाला पाऊण तास. उतरा, फोटो काढा, आइस्क्रीम खा, बसमध्ये बसा. मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिन्यांसाठी आलेले कितीतरी आईबाबा हीच सहल करतात आणि घरी येऊन सांगतात, "गावं सुंदर होती हो, पण गर्दी किती!" गर्दी असणारच. सगळ्या बसेस त्याच चार-पाच गावांत थांबतात.

इंग्लंडच्या खेड्यात परक्या माणसाला हक्काने जाता येईल अशा जागा तीनच: शेतातून जाणारी पायवाट, चर्च आणि पब. बाकी जे काही दिसतं ते कुणाचं तरी राहतं घर असतं. या तिन्ही जागी कसं वागायचं ते कळलं की कुठलंही साधं खेडं दिवसभर पुरतं. पाऊण तासात मात्र यातलं एकही धड होत नाही.

म्हणून हा लेख एकाच दिवसाचा आणि एकाच टापूचा आहे. ऑक्सफर्डशर आणि ग्लॉस्टरशर यांच्या सीमेवर इव्हनलोड नावाची छोटी नदी वाहते. तिच्या खोऱ्यातली किंगहॅम, डेल्सफर्ड, ॲडलस्ट्रॉप, ऑडिंग्टन आणि ब्लेडिंग्टन ही गावं घेतली आहेत. लंडनहून थेट रेल्वे आहे, गाडी चालवावी लागत नाही, पर्यटकांच्या बसेस इथे फारशा फिरकत नाहीत. आणि मराठी माणसाने इथे यावं याला एक खास कारणही आहे. ते डेल्सफर्डला पोचल्यावर सांगतो.

कधी जायचं

एप्रिलच्या शेवटापासून जूनअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. एप्रिलमध्ये शेतात कोकरं असतात, एप्रिलच्या अखेरीस आणि मेमध्ये झाडीखाली ब्लूबेलची निळी फुलं पसरतात आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतायची घाई राहत नाही. सप्टेंबरही छान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र टाळा. थंडीपेक्षा चिखलाचा त्रास जास्त, आणि डिसेंबरमध्ये चारच्या सुमारासच सूर्य मावळतो.

वार कोणता निवडताय यालाही महत्त्व आहे. रविवारी पबमध्ये रोस्टचं मोठं जेवण असतं, पण टेबल आधी राखून ठेवावं लागतं, आणि रेल्वेची दुरुस्तीची कामंही बहुतेक रविवारीच निघतात. सोमवारी-मंगळवारी गावाकडचे काही पब बंद असतात. म्हणून बुधवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस धरा. क्रिकेटची आवड असेल तर उन्हाळ्यातला शनिवार बघा, ॲडलस्ट्रॉपच्या पार्कात क्रिकेटचं मैदान आहे. गावच्या सामन्याला तिकीट नसतं. सीमारेषेबाहेर गवतावर बसायचं, चांगल्या फटक्याला टाळ्या वाजवायच्या आणि गोलंदाज धावत येत असताना साइटस्क्रीनसमोरून चालायचं नाही. हा शेवटचा नियम आपल्या लोकांना सांगायची गरज नाही म्हणा.

तिकीट आणि गाडी

पॅडिंग्टन स्थानकातून ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी किंगहॅमला साधारण दीड तासात पोचते. फलकावर किंगहॅमचं नाव मोठ्या अक्षरात शोधत बसू नका. गाडी पुढे वूस्टर, ग्रेट मॉल्व्हर्न किंवा हेरफर्डला जाते आणि फलकावर तीच नावं असतात. वूस्टरचं इंग्रजी स्पेलिंग वाचून 'वॉर्सेस्टर' कुठे आहे असं विचारलंत तर समोरचा क्षणभर गोंधळेल. काही गाड्या ऑक्सफर्डलाच संपतात, त्यात बसलात तर तिथे उतरून पुढची गाडी बघावी लागेल. कितव्या फलाटावर गाडी लागणार हे सुटण्याच्या थोडा वेळ आधीच कळतं, त्यामुळे पंधरा मिनिटं आधीपासून फलकावर नजर ठेवा.

लंडनमध्ये आपण सगळीकडे ऑयस्टर किंवा बँकेचं कार्ड टॅप करून फिरतो. किंगहॅमपर्यंत ते चालत नाही, वेगळं तिकीट काढावंच लागतं. आठवड्याच्या दिवशी सकाळची कार्यालयीन वेळ टाळून 'ऑफ-पीक' परतीचं तिकीट घ्या. ते काढलं की संध्याकाळी अमुकच गाडी पकडायचं बंधन राहत नाही. 'ॲडव्हान्स' तिकीट स्वस्त असलं तरी ते ठरलेल्या गाडीचंच असतं, आणि चालण्याच्या दिवशी तसं बांधून घेणं मला पटत नाही.

सवलतीचे तीन मार्ग आहेत. तीन ते नऊ जण एकत्र जात असाल तर 'ग्रुपसेव्ह' घ्या. त्यासाठी कार्डबिर्ड लागत नाही, ऑफ-पीक तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. दोघंच असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड. आणि साठी ओलांडलेल्यांना 'सीनियर रेलकार्ड' मिळतं, त्यासाठी ब्रिटनचं रहिवासी असावं लागत नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. भारतातून आलेले आईबाबा महिन्या-दोन महिन्यांत चार वेळा लांब जाणार असतील तर त्यांची कार्डं पहिल्याच आठवड्यात काढून टाका.

पिशवीत काय

बूट सर्वात महत्त्वाचे. पायाच्या घोट्याला आधार देणारे आणि तळाला खाचा असलेले हवेत. ही चिकणमातीची जमीन आहे, दोन दिवस पाऊस पडला की साधे स्पोर्ट्स शूज फाटकापाशीच रुततात. पूर्ण लांबीची पँट घाला, कारण पायवाटेच्या कडेला नेटल नावाचं झुडूप असतं आणि त्याचं पान पोटरीला लागलं तर खाजकुयलीसारखी आग होते. उंच गवतात गोचीडही असतात. त्यासाठी पँट मोज्यात खोचा आणि रात्री पाय नीट तपासून बघा. साडी या दिवसापुरती राहू दे, काकूंनी सलवार-कमीज घातली तरी ओढणी कुंपणाच्या तारेत अडकेल इतकी मोठी नको.

जाड कोटाऐवजी पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, वर पावसाचं जाकीट. छत्रीचा उपयोग होत नाही, उघड्यावर वारा ती उलटी करतो. पाणी, एक जोड कोरडे मोजे, थोडी सुटी नाणी (ती कशाला ते पुढे येईल) आणि फोन पूर्ण चार्ज केलेला. खोऱ्यात मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं, म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्या. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचं ॲप चांगलं आहे. कागदाचाच नकाशा हवा असेल तर त्यांच्या 'एक्सप्लोरर' मालिकेतला ओएल ४५ क्रमांकाचा घ्या. १:२५,००० या प्रमाणात काढलेला असल्यामुळे त्यात प्रत्येक शेताचं कुंपणसुद्धा दिसतं. हिरव्या तुटक रेषा म्हणजे लोकांना हक्काने चालता येणाऱ्या वाटा.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, चटणी असं कोरडं काहीतरी बांधून घ्या. का, ते पबच्या भागात कळेल.

पायवाट वाचायची कशी

आपल्याकडे दुसऱ्याच्या शेतातून सरळ चालत गेलं तर मालक हाक मारून जाब विचारेल. इथे जमीन खासगीच असते, मात्र तिच्यावरून जाणाऱ्या ठरावीक वाटांवर सगळ्यांचा कायदेशीर हक्क असतो आणि शेतमालकाला ती वाट बंद करता येत नाही. वाट उभ्या पिकातून गेली असेल तर तिच्यापुरतं पीक मोकळं ठेवणं त्याचंच काम. तुम्ही एकामागे एक, त्या पट्टीतूनच चाला. बाजूला पसरून चालू नका.

खांबावर, फाटकावर, कधी झाडावर छोटी गोल चकती आणि तिच्यावर बाण असतो. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा म्हणजे चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले या सगळ्यांसाठी. बाण ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच दिशेने शेत पार करायचं, मग जमिनीवर वाट दिसो न दिसो. मोठ्या शेतात पलीकडचं कुंपण निरखून बघा, तिथे कुठेतरी फाटक किंवा स्टाइल दिसेल. स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायची लाकडी पायरी. गुडघे दुखणाऱ्यांना ती त्रास देते, तेव्हा खांब घट्ट धरा आणि उतरताना तोंड कुंपणाकडे ठेवा. अर्धगोल कठड्यात झुलणारं एक फाटकही भेटेल. त्यातून एका वेळी एकच माणूस जातो. पाठीवरची पिशवी मोठी असेल तर ती आधी डोक्यावर घ्या.

फाटकाचा नियम एकच: जसं होतं तसं ठेवा. बंद होतं तर बंद करा. उघडं बांधून ठेवलेलं असेल तर ते मुद्दाम, गुरांना पाण्याकडे जाता यावं म्हणून, तेव्हा ते 'चुकून राहिलं असेल' म्हणून लावू नका.

मेंढ्या तुम्हाला बघून पळतात, त्यांचं काही नाही. गायींबाबत मात्र सावध राहा, विशेषतः सोबत वासरं असतील तर. आपल्याला गायीच्या पाठीवर हात फिरवून नमस्कार करायची सवय असते, इथे तो मोह आवरा. या गायी मोकळ्या कळपात वाढलेल्या असतात. गाय आणि वासरू यांच्यामधून कधीच जाऊ नका, कुंपणाच्या कडेने लांबून वळसा घाला आणि पळू नका.

रस्त्यावरून चालायची वेळ आली आणि पदपथ नसेल तर उजव्या बाजूने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. वळण आंधळं असेल तर थोडा वेळ पलीकडे व्हा.

प्रत्यक्ष फेरी

पूर्ण फेरी साधारण १४-१५ किलोमीटरची आहे. चढ फारसे नाहीत. थांबत-थांबत सहा तास धरा. तेवढं जमणार नसेल तर स्टेशनपासून किंगहॅम गाव, तिथून डेल्सफर्ड आणि परत, एवढं केलं तरी दिवस चांगला जातो. किंवा आधी टॅक्सी ठरवून थेट ॲडलस्ट्रॉपला उतरा आणि फक्त परतीचा रस्ता चाला.

स्टेशन गावात नाही, गाव दीडएक किलोमीटर पूर्वेला आहे. किंगहॅममध्ये हिरवळीभोवती घरं आहेत. पहिल्याच घरापाशी थांबून छपराकडे वर बघा. दगडाच्या चकत्या छपराच्या खालच्या कडेला ताटाएवढ्या मोठ्या असतात आणि वर आढ्याकडे लहान होत जातात. सगळा दगड इथल्याच जमिनीतला चुनखडीचा, ज्युरासिक काळातला. ताजा काढला की पिवळसर असतो आणि पुढे हवेने काळपट-करडा होतो. भिंती, छप्पर, कुंपण, थडगी सगळं एकाच दगडाचं असल्यामुळे इथली गावं एकरंगी दिसतात.

किंगहॅमहून उत्तरेला निघालात की शेतांमध्ये एक गोष्ट शोधा. काही कुरणं सपाट नसून त्यांवर लांबच लांब समांतर वरंबे दिसतात, उन्हं तिरकी असताना जास्त स्पष्ट. मध्ययुगात बैलांच्या नांगराने एकाच दिशेने माती उलटवून झालेले हे पट्टे आहेत. नंतर ही शेतं मेंढ्यांसाठी कुरणं झाली आणि पुन्हा नांगरली गेली नाहीत, म्हणून त्या खुणा राहिल्या.

पुढे डेल्सफर्ड. आधी इथलं सेंद्रिय शेतमालाचं दुकान लागतं. ते झकपक आहे, स्वच्छतागृह चांगलं आहे आणि भाव बघून आपण आपोआप नुसती कॉफी घेतो. दुकानात वेळ घालवू नका. बघायचं ते चर्चच्या आवारात आहे. तिथे दगडी चौथऱ्यावर कलश असलेलं एक स्मारक आहे आणि त्यावरचं नाव आपण शाळेत पाठ केलेलं आहे: वॉरन हेस्टिंग्ज.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळी हाच बंगालचा गव्हर्नर-जनरल होता. मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना गादीवर बसवायला बोरघाट चढून वर आली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी तिला कोंडून तह करायला लावला. तो तह हेस्टिंग्जने साफ नाकारला, गॉडर्डच्या हाताखाली आधीच निघालेल्या बंगालच्या फौजेने लढाई चालू ठेवली आणि युद्ध लांबलं. ते मिटलं १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झालेल्या सालबाईच्या तहाने. डेल्सफर्ड ही हेस्टिंग्जच्या घराण्याच्या हातून गेलेली पिढीजात जहागीर होती. हिंदुस्थानात मिळवलेल्या पैशातून त्याने ती १७८८ मध्ये परत विकत घेतली आणि मोठा वाडा बांधला. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये त्याच्यावर महाभियोग उभा राहिला. खटला सात वर्षं चालून १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बाकीचं आयुष्य त्याने इथेच काढलं आणि ऑगस्ट १८१८ मध्ये तो इथेच वारला. दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शस्त्र ठेवलं ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये.

वाडा आजही उभा आहे, पण खासगी आहे आणि बाहेरच्यांना खुला नाही. जेसीबी यंत्रं बनवणाऱ्या बॅमफर्ड कुटुंबाकडे तो आहे, आधी सांगितलेलं शेतमालाचं दुकानही त्यांचंच. त्याच जेसीबीचा पुण्याकडचा कारखाना तळेगावजवळ आहे, म्हणजे वडगावपासून काही मैलांवर. इतिहासाला असले योग जुळवून आणायची हौस असते. स्मारकापाशी पाच मिनिटं उभं राहा. फलक नाही, मार्गदर्शक नाही, तिकीट तर नाहीच.

डेल्सफर्डहून ॲडलस्ट्रॉपला जाताना ए४३६ हा रस्ता ओलांडावा लागतो. इथे गाड्या भरधाव असतात, मुलांचे हात धरा.

ॲडलस्ट्रॉप हे या फेरीतलं सगळ्यात शांत गाव. गवताने शाकारलेली काही घरं, छोटं चर्च आणि रस्त्याच्या तिठ्यावर एक बसथांबा. थांब्यात जाऊन बसा. आत जुन्या रेल्वे स्टेशनच्या नावाची मोठी पाटी लावली आहे, स्टेशनवरचंच बाकडं आहे आणि बाकावर एक कविता कोरलेली पट्टी आहे. २४ जून १९१४ रोजी एडवर्ड थॉमस हा कवी आगगाडीने जात असताना गाडी ॲडलस्ट्रॉप स्टेशनवर थांबली. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. तेवढ्यावरून त्याने ती छोटी कविता लिहिली आणि आज इंग्लंडमध्ये हे नाव माहीत आहे ते तिच्यामुळे. महिन्या-दीड महिन्यात महायुद्ध सुरू झालं आणि एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समध्ये अरासच्या लढाईत तो मारला गेला. स्टेशन १९६६ मध्ये बंद झालं. लंडनच्या गाड्या अजूनही त्याच रुळांवरून जातात, थांबत नाहीत.

जेन ऑस्टिनही इथे यायची, तिच्या आईच्या माहेरची ली मंडळी इथे राहायची. तिच्या वाचकांनी चर्चच्या शेजारच्या घराकडे बाहेरूनच बघावं, ते कुणाचं तरी घर आहे. डबा इथेच सोडा. कागद, साली, टिश्यू परत पिशवीत, कचरापेटी शोधत बसायला नको.

ॲडलस्ट्रॉपहून नैऋत्येला वळून पुन्हा तोच मोठा रस्ता ओलांडला की ऑडिंग्टन. इथे दोन चर्च आहेत. गावातलं सोडा आणि गावाबाहेर झाडीत एकटं उभं असलेलं जुनं सेंट निकोलस शोधा, नकाशावर ते नीट दाखवलेलं असतं. आत शिरताच डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग उत्तरेच्या भिंतीवर प्रचंड मोठं मध्ययुगीन चित्र उमटू लागतं: कयामतीचा दिवस. एका बाजूला पुण्यवान लोक स्वर्गाच्या तटाकडे चढताहेत, दुसऱ्या बाजूला सैतान पाप्यांना ओढून नेताहेत. रंग पुसट झाले आहेत, पण कोण वर चाललं आणि कोण खाली, हे कळतं. ज्या लोकांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी ही दर रविवारची तंबी होती.

तिथून दक्षिणेला शेतांमधून ब्लेडिंग्टन. इथे हिरवळ, तिच्यातून वाहणारा ओहोळ, त्यात बदकं आणि काठाला जुना पब. ब्लेडिंग्टनचं नाव मॉरिस या पायात घुंगरं बांधून करायच्या लोकनृत्यासाठीही घेतलं जातं, त्यातली एक शैली या गावाच्या नावानेच ओळखतात. पबपासून किंगहॅम स्टेशन वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर आहे.

चर्चमध्ये

दिवसा बहुतेक चर्च उघडी असतात. दरवाजा जड असतो आणि बंद दिसतो. लोखंडी कडी फिरवा आणि खांद्याने ढकला. आत गेल्यावर लगेच लावून घ्या, नाहीतर चिमण्या-पाकोळ्या आत शिरतात आणि मग त्यांना बाहेर काढायला गावातल्या कुणाला तरी शिडी आणावी लागते. बूट काढायची पद्धत नाही, मात्र ते चिखलाने माखले असतील तर बाहेरच्या पडवीत काढून मोज्यांवर आत जा. कुणी हसत नाही, उलट गावकरी खूश होतात. पुरुषांनी टोपी काढावी. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा किंवा नंतर या.

प्रवेश फुकट असतो, पण छपराचा खर्च गावच उचलतं, म्हणून दाराशी पेटी असते. दोन-तीन पौंड टाका. नोंदवहीत देवनागरीत नाव लिहायला हरकत नाही, पुढच्या माणसाची करमणूक होते. पावसाची सर आली तर चर्चची पडवी हा हक्काचा आडोसा आहे, पायवाटेवरचे सगळे तिथेच थांबतात.

पबमध्ये

दारू न पिणाऱ्या आपल्या मंडळींना पबमध्ये शिरायला संकोच वाटतो. तो सोडा. गावचा पब म्हणजे जेवणघर, चावडी आणि बैठक हे सगळं एकत्र. मुलं, आजीआजोबा, कुत्री सगळी तिथे असतात. लाइम-सोडा, एल्डरफ्लॉवरचं सरबत, चहा, काहीही मागा.

वेटर येईल म्हणून टेबलाशी बसून राहाल तर बसूनच राहाल. काउंटरवर जाऊन मागवायचं, बहुतेक ठिकाणी पैसेही तिथेच द्यायचे. तिथे ओळ दिसत नाही, पण कोण आधी आलं हे बारवाल्याच्या लक्षात असतं. हात हलवू नका, नजरानजर झाली की पुरे. तुमच्या आधीचा कुणी राहिला असेल तर "हे आधी आलेत" असं सांगा, त्या एका वाक्याने जी ओळख होते ती पुढे अर्धा तास गप्पांना पुरते. जेवण मागवताना टेबलाचा क्रमांक विचारतील, तो आधीच बघून ठेवा. काउंटरवर टिप द्यायची गरज नाही. टेबलावर येऊन जेवण वाढणाऱ्या जागी बिलात सेवाशुल्क लावलं आहे का ते बघा.

आता दशम्यांचं कारण. पब दिवसभर उघडा असला तरी स्वयंपाकघर साधारण दोन-अडीचला बंद होतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा सुरू होतं. चालून चालून तीनला पोचलात तर बटाट्याच्या वेफर्सशिवाय काही मिळत नाही. म्हणून दुपारचा डबा ॲडलस्ट्रॉपला खायचा, ब्लेडिंग्टनला संध्याकाळी पोचायचं, आणि हवं असेल तर सहाला गरम जेवून रात्रीची गाडी पकडायची. दुपारी पबमध्येच जेवायचं ठरवलं तर ऑडिंग्टनला आधी टेबल राखून ठेवा आणि सकाळची गाडी लवकरची घ्या. घरचा डबा पबच्या टेबलावर उघडायचा नाही, बाहेरच्या बाकांवरसुद्धा.

शाकाहारी लोकांना आता अडचण येत नाही, पण चार गोष्टी विचारून घ्या. यादीत 'व्ही' असेल तर शाकाहारी, 'व्हीजी' किंवा 'व्हीई' असेल तर दूधही नाही. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी कशाचं आहे ते विचारा. चिप्स मासा तळलेल्याच तेलात तळतात का, हेही विचारा. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात आणि पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट. "मी शाकाहारी आहे" एवढंच सांगून थांबलात तर काही जण अजूनही मासा चालेल का असं विचारतात, म्हणून "मांस नको, मासा नको, त्यांचा रस्साही नको" असं सरळ सांगा. चीज, जाड ब्रेड, लोणचं आणि सफरचंद असं 'प्लाउमन्स' नावाचं थंड ताट बहुतेक ठिकाणी असतं. ते आपल्या लोकांना आवडतं, फक्त त्यात हॅम घालू नका म्हणून सांगा.

घरं आणि माणसं

वाटेत कुणी भेटलं तर "मॉर्निंग" किंवा "आफ्टरनून" म्हणा. लंडनमध्ये अनोळखी माणसाला असं म्हणालात तर तो चमकेल, खेड्यात न म्हणालात तर उद्धट वाटाल. पुढचा विषय हवामान, तो आपोआप येतो.

घरांचे फोटो रस्त्यावरून काढा, पण खिडकीच्या जवळ जाऊन किंवा बागेच्या फाटकात उभं राहून नको. गुलाबाच्या वेलीखाली कुटुंबाचा फोटो काढायचा मोह होतो, ती वेल मात्र कुणाच्या तरी दाराशी असते. ड्रोन घरीच ठेवा. काही घरांसमोर टेबलावर अंडी, मुरंबा, रोपं ठेवलेली दिसतील आणि बाजूला एक डबा. कुणी बसलेलं नसतं. लिहिलेली किंमत डब्यात टाकायची आणि वस्तू उचलायची. सुटी नाणी त्यासाठी.

गावांत सार्वजनिक स्वच्छतागृह बहुधा नसतं. गाडीतलं वापरून उतरा, मग डेल्सफर्डच्या दुकानात, मग पबमध्ये काहीतरी घेऊन.

परत जाताना

शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरायची असं सकाळीच ठरवा. स्टेशनवर संध्याकाळी आसपास काही नसतं, आणि लंडनसारखी ॲपवरून मागवायची टॅक्सी इथे जवळजवळ मिळत नाही. म्हणून स्थानिक टॅक्सीचे दोन नंबर सकाळीच फोनमध्ये ठेवा. कुणाचा पाय मुरगळला तर तेच कामाला येतात. ग्लॉस्टरशरमध्ये 'द रॉबिन' नावाची मागणीनुसार येणारी छोटी बस आहे, पण ती आधी नोंदवावी लागते. जीव धोक्यात असेल तर ९९९ किंवा ११२. त्यांना जागा सांगण्यासाठी नकाशाच्या ॲपमधला ग्रिड क्रमांक कुठे दिसतो ते घरीच बघून ठेवा.

किंगहॅमला फलाट दोन आहेत. लंडनकडचा कोणता, ते पुलावर चढायच्या आधी फलकावर बघा, शेवटच्या दोन मिनिटांत चिखलाच्या बुटांनी जिने धावायला नकोत. आणि तिकीट किंवा त्याचा फोटो लगेच टाकून देऊ नका. गाडी लंडनला पंधरा मिनिटं किंवा त्याहून उशिरा पोचली तर ग्रेट वेस्टर्नच्या 'डिले रिपे'मध्ये काही पैसे परत मागता येतात. अर्ज ऑनलाइन असतो, २८ दिवसांच्या आत करायचा, आणि ग्रुपसेव्ह घेतलं असेल तर सगळ्यांची तिकिटं हाताशी ठेवायची.